कोण बोलतंय, कोणाशी?

आधुनिक ब्रिटिश कवितेतली सर्वांत गाजलेली प्रस्तावना पानभराचीही नाही, आणि ती पुरीही झाली नाही. विल्फ्रेड ओवेन या पंचविशीतल्या लष्करी अधिकाऱ्यानं १९१८ साली आपल्या नियोजित संग्रहासाठी तिचा कच्चा खर्डा करून ठेवला होता. हे पुस्तक वीरपुरुषांबद्दल नाही, कीर्ती, सन्मान, सत्ता यांच्याबद्दलही नाही. विषय आहे युद्ध आणि युद्धातली करुणा, असा त्याचा मथितार्थ. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधला एक कालवा ओलांडताना ओवेन मारला गेला. आठवडाभरात युद्ध संपलं. ११ नोव्हेंबरला श्रूजबरी गावात चर्चच्या घंटा विजयाचा गजर करत होत्या आणि त्याच दिवशी त्याच्या आईवडिलांच्या हातात तार पडली. संग्रह दोन वर्षांनी, त्याचा मित्र सीगफ्रीड ससून याच्या प्रस्तावनेसह निघाला.

ओवेनच्या त्या खर्ड्यामागचा राग समजायचा तर आणखी थोडं मागे जायला हवं. १९१५च्या ईस्टरला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये रूपर्ट ब्रुकचं एक सुनीत प्रवचनात वाचून दाखवलं गेलं. इंग्रज सैनिक परमुलखात जिथे पुरला जाईल तेवढी जमीन कायमची इंग्लंडची होईल, अशी त्यातली कल्पना. त्याच महिन्यात ब्रुक गॅलिपोलीच्या वाटेवर जहाजावरच आजारपणात गेला. सुनीत बांधेसूद आहे, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दलही शंका घ्यायचं कारण नाही. पण १ जुलै १९१६ या एका दिवसात, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश फौजेचे एकोणीस हजारांहून जास्त सैनिक मेले. त्यानंतर त्या भाषेत बोलणं खंदकातल्या माणसाला जमेना.

पुढच्या शंभर वर्षांत ब्रिटनमध्ये लिहिल्या गेलेल्या महत्त्वाच्या कवितेचा बराचसा भाग या अविश्वासातून आला आहे. व्यासपीठावरून, भरतीच्या पोस्टरवरून, अग्रलेखातून ऐकू येणारी भाषा कवितेनं वापरायची नाही, असं जणू ठरूनच गेलं. कवीनं आवाज खाली आणला. बोलण्यातली लकब, मध्येच सोडून दिलेलं वाक्य, कोरडा विनोद, तिरकसपणा हे कवितेचं सामान झालं. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं, की ही कविता आपल्याला अवघड वाटते ती अर्थ दडवल्यामुळे कमी आणि आवाज न ओळखल्यामुळे जास्त. म्हणून पुढच्या लेखांत कवितेला 'अर्थ काय' असं सुरुवातीलाच विचारलेलं नाही. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि त्याच्या बोलण्यावर आपण कितपत विश्वास ठेवायचा, हे आधी विचारलं आहे.

मराठी वाचकाला हे प्रश्न थोडे अनोळखी वाटतील. आपली इंग्रजी कवितेशी ओळख झाली ती पॅलग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'तून. १८६१ साली निघालेलं हे संकलन कितीतरी पिढ्यांनी कॉलेजात अभ्यासलं. केशवसुतांच्या पिढीच्या कवितेवर त्या वाचनाची छाया आहे. त्यामुळे इंग्रजी कविता म्हटलं की डॅफोडिल्स, नाइटिंगेल, चंडोल, आणि पाठोपाठ परीक्षेतलं 'संदर्भासह स्पष्टीकरण' आठवतं. नंतरच्या कवितेशी ओळख झाली ती वादातून. १९४७ साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या, दुर्बोधतेवरून रणं माजली आणि त्या धुमश्चक्रीत एलियटचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं. एलियट म्हणजे अवघड, हे समीकरण एलियट न वाचताच आपल्याकडे पक्कं झालं.

आवाज ओळखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका छोट्या कवितेवर करून बघू. स्टीव्ही स्मिथची 'नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग' ही कविता १९५७ची, अवघ्या बारा ओळींची. शब्द शाळकरी मुलाला कळतील इतके सोपे. एक माणूस समुद्रात बुडाला; तो हात हलवत होता तेव्हा किनाऱ्यावरच्यांना वाटलं, मजेत हात करतोय. एवढीच गोष्ट. पण या बारा ओळींत तीन जण बोलतात: सांगणारा, किनाऱ्यावरची माणसं आणि खुद्द मेलेला. अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे कोणतं वाक्य कोणाचं हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. किनाऱ्यावरच्यांचा सूर ऐकण्यासारखा आहे: बिचारा मोठा गमत्या होता, पाणी फार गार असणार, हृदय बंद पडलं असणार. आपल्याकडे मयताच्या घरी आलेली माणसं ज्या हळहळीच्या सुरात बोलतात, तोच हा सूर. आणि मेलेला माणूस कण्हत कण्हत त्यांचं म्हणणं खोडून काढतो: गारठा आजचा नव्हता, कायमचाच होता. हे तीन सूर वेगळे ऐकू आले की कविता कळली. त्यापलीकडे तिच्यात उकलायचं काही गुपित उरत नाही. आणि ते ऐकू आले नाहीत, तर बुडण्याच्या प्रतीकावर चार पानं लिहूनही ती हाती लागणार नाही.

ओवेनकडे परत जाऊ, कारण आवाज खाली आणण्याचं काम त्यानं कानाच्या पातळीवर कसं केलं ते बघण्यासारखं आहे. त्यानं यमक मोडलं, पण सोडलं नाही. मराठीत सांगायचं तर 'माळ'ला 'जाळ' जोडण्याऐवजी 'मूळ' जोडायचं. 'वार'च्या पुढे 'वीर' आणायचा. व्यंजनं जागच्या जागी, मधला स्वर तेवढा घसरलेला. कान यमकाची वाट बघतो आणि दर वेळी ते थोडक्यात हुकतं. 'स्ट्रेंज मीटिंग' या कवितेत अशा हुकलेल्या यमकांचीच रांग आहे. एक सैनिक लढाईतून निसटून जमिनीखालच्या एका खोल बोगद्यात उतरतो. तिथे दुसरा एक जण त्याच्याशी बोलू लागतो, वाया गेलेल्या आयुष्याबद्दल, न सांगितल्या गेलेल्या सत्याबद्दल. हा दुसरा कोण, ते शेवटाकडे कळतं: पहिल्यानं आदल्या दिवशी ज्याला भोसकलं तो शत्रू. सगळी कविता जुळता जुळता न जुळणाऱ्या यमकांत का लिहिली आहे, हे तिथे पोचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

ही कविता सगळ्यांना मानवली असं मात्र नाही. १९३६ साली 'ऑक्सफर्ड बुक ऑफ मॉडर्न व्हर्स' संपादित करताना डब्ल्यू. बी. येट्सनं ओवेनला वगळलं. निष्क्रियपणे सोसलेलं दुःख हा काव्याचा विषय होत नाही, असं त्याचं म्हणणं. यातला योगायोग भारतीय वाचकाला चटकन जाणवेल. १९१२ साली इंग्रजी 'गीतांजली'ची प्रस्तावना लिहिणारा तो हाच येट्स. आणि आघाडीवर परतताना ओवेननं आईचा निरोप घेतला तो 'गीतांजली'तल्याच एका कवितेच्या शब्दांत. मुलाच्या मृत्यूनंतर घरी आलेल्या त्याच्या वहीत तिला ते शब्द लिहिलेले सापडले, आणि १९२० साली तिनं पत्र लिहून रवींद्रनाथांना हे कळवलं.

एलियटची 'द वेस्ट लँड' १९२२ची. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस तेव्हा लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत होता. कवितेचा लांबलचक खर्डा त्यानं एझरा पाउंडच्या हाती दिला आणि पाउंडनं त्यावर निर्दयपणे कात्री चालवली. हे खर्डे १९७१ साली छापले गेले तेव्हा कवितेचं आधीचं नाव सर्वांना कळलं. ते डिकन्सच्या एका कादंबरीतून उचललं होतं. तिथला एक पोरगा वर्तमानपत्रातल्या पोलिसांच्या बातम्या निरनिराळ्या आवाजांत वाचून दाखवतो, त्यावरून. हे नाव राहिलं असतं तर वाचकांची निम्मी धास्ती कमी झाली असती, कारण कविता कशी वाचायची तेच त्यात सांगितलं होतं. दुसऱ्या भागाचा शेवट लंडनच्या एका पबमध्ये आहे. बंद व्हायची वेळ झाल्याचा पुकारा होतोय आणि एक बाई मैत्रिणीची उणीदुणी सांगतेय: नवरा फौजेतून परत येणार, हिचे दात किडलेले, दातांसाठी दिलेले पैसे कुठे गेले, पोट पाडण्याच्या गोळ्यांनी तब्येतीचं कसं मातेरं झालं. चाळीतल्या नळावरची भांडणं ऐकलेल्या माणसाला यात काय अडेल?

अडतं ते टीपांपाशी. पुस्तकरूपात कविता फार लहान भरत होती म्हणून एलियटनं मागे टीपा जोडल्या, आणि पुढे वाचक कविता सोडून त्या टीपांच्याच मागे धावू लागल्याबद्दल स्वतःच हळहळला. एका टीपेपुरती तरी आपली बाजू वरचढ आहे. कवितेच्या शेवटच्या भागात बृहदारण्यक उपनिषदातली प्रजापतीच्या 'द' या अक्षराची गोष्ट येते. देव, मानव आणि असुर त्या एका अक्षराचे आपापल्या परीनं तीन अर्थ लावतात. हार्वर्डमध्ये संस्कृत शिकलेल्या एलियटला ती ठाऊक होती, १९२२च्या इंग्रज वाचकाला नव्हती. मात्र आपल्याला गोष्ट माहीत आहे म्हणून कविता कळली असं समजायचं कारण नाही. तिथेही कोण बोलतंय हे बघावंच लागतं: मेघ गडगडतोय, आणि उत्तर देणाऱ्या माणसाकडे द्यायला फारसं काही नाही.

१९३०च्या दशकात डब्ल्यू. एच. ऑडेन आला आणि आवाज पुन्हा चढतो की काय असं वाटलं. बेकारी, फॅसिझम, स्पेनचं यादवी युद्ध यांवर तो लिहीत होता. पोस्टखात्याच्या फिल्म युनिटनं १९३६ साली स्कॉटलंडला जाणाऱ्या टपालगाडीवर 'नाइट मेल' हा माहितीपट केला, त्यासाठी त्यानं आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यावर कविता लिहिली. संगीत बेंजामिन ब्रिटनचं. पण याच ऑडेननं दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या दिवसावरची स्वतःची अतिशय लोकप्रिय कविता पुढे आपल्या संकलनातून काढून टाकली. तिच्यात आपण खोटं बोललो, असं त्याला वाटू लागलं होतं. वाचकांनी मात्र ती सोडली नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर ती पुन्हा हातोहात फिरली. मोठ्या शब्दांचा मोह आणि त्यांचा धसका ही ओढाताण एकाच कवीत इतकी उघड क्वचित दिसते.

फिलिप लार्किनला असा मोह फारसा पडला नाही. हल विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तो प्रमुख होता आणि १९५५ पासून मरेपर्यंत त्याच गावात राहिला. त्याची 'द व्हिट्सन वेडिंग्ज' ही कविता या पुस्तकात सर्वांत जास्त जागा घेते. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणारा व्हिट्सन हा सण. त्या काळी त्याला जोडून सोमवारची सुट्टी असे, आणि शनिवारी लग्नांचा धडाका. एक एकटा माणूस उन्हाच्या शनिवारी दुपारी हलहून लंडनला निघालाय. स्टेशनांवर गलका ऐकू येतो. त्याला आधी वाटतं, हमालच दंगा करताहेत. मग लक्षात येतं, प्रत्येक फलाटावर नवं जोडपं गाडीत चढतंय आणि वऱ्हाड निरोप द्यायला उभं आहे.

आता सूर ऐका. वऱ्हाडाचं वर्णन तो नाक मुरडत करतो: लठ्ठ, मोठ्यानं बोलणाऱ्या आया, चावट शेरे मारणारा काका, नायलॉनचे हातमोजे, खोटे दागिने. वर्गाचा अहंकार त्यात स्पष्ट आहे आणि कवीनं तो लपवलेला नाही. पण गाडी जसजशी लंडनजवळ येते तसतसं त्याचं बघणं बदलतं. लग्नाकडे कोण कसं पाहतंय हे त्याला दिसायला लागतं: बाप, लहान मुलं, जवळ उभ्या असलेल्या बायका. 'आम्ही' हे सर्वनाम कवितेत सुरुवातीपासून आहे, पण आरंभी ते नुसतं एका गाडीतल्या उतारूंचं असतं. शेवटी येणाऱ्या 'आम्ही'त ती डझनभर जोडपी आहेत आणि हा नाक मुरडणारा बिनलग्नाचा माणूसही आहे. आपण बदललो, असं तो कुठेही म्हणत नाही.

याची बांधणीही बघावी. दहा-दहा ओळींची आठ कडवी, आणि यमकांचा क्रम कीट्सच्या ओडमधला, म्हणजे आपल्या 'गोल्डन ट्रेझरी'तलाच. फरक एवढा की प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ अगदी तोकडी, दोन आघातांची. स्टेशन सोडताना डबा हिसका देतो आणि मग वेग घेतो, तशी ती ओळ वाचताना लागते. कारखान्यांचा फेस तरंगणारे कालवे आणि मोडक्या गाड्यांचे ढीग दाखवणारी कविता कीट्सच्या घाटात बसवलेली आहे, आणि वाचताना ते जाणवतही नाही. लार्किनचा आदर्श हार्डी होता. १८९५ नंतर कादंबरी सोडून हार्डीनं उरलेली तीन दशकं कविताच लिहिली, आणि साध्या बोलण्याला शेकडो घाट दिले. १९७३ साली लार्किननं विसाव्या शतकाचं ऑक्सफर्ड संकलन केलं तेव्हा हार्डीला एलियटपेक्षा कितीतरी जास्त कविता देऊन त्यानं आपली बाजू उघड केली.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल, मग डिलन टॉमसचं काय? टेड ह्यूजचं काय? शंका रास्त आहे. स्वान्सीचा टॉमस मरणाऱ्या बापासाठी लिहितो तेव्हा आवाज खाली आणत नाही, चढवतो. ह्यूजच्या कवितेत ससाणा, पाइक मासा, कावळा येतात ते माणसाच्या शिष्टाचाराची पर्वा न करता. पण ह्यूजचे वडील गॅलिपोलीतून वाचून आलेले होते, आणि यॉर्कशरच्या ज्या खोऱ्यात तो वाढला तिथे त्या युद्धाची सावली घराघरात होती. त्यालाही जुन्या मोठ्या शब्दांचा उबग होता. त्यानं वाट काढली ती माणसाच्या बोलण्याला वळसा घालून.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मला लार्किनच्या चाहत्यांशी बोलताना नेहमी जाणवते. खाली आणलेला आवाज हीसुद्धा एक ऐट असू शकते. ज्याचं आधीच ऐकलं जातं त्याला हळू बोलणं परवडतं. लीड्सच्या एका पाववाल्याचा मुलगा टोनी हॅरिसन शिष्यवृत्तीवर ग्रामर स्कूलात गेला. वर्गात कीट्स म्हणताना शिक्षकानं त्याचे उच्चार ऐकून त्याला कसं मध्येच तोडलं आणि नाटकात दारुड्या द्वारपालाचं काम दिलं, ते त्यानं पुढे एका कवितेत मांडलं. १९८५ साली, खाणकामगारांच्या संपाच्या काळात, त्यानं 'व्ही.' ही दीर्घ कविता छापली. आईवडिलांच्या थडग्यावर कोणीतरी रंगानं शिव्या लिहिल्या आहेत. कवी त्या पोराशी भांडतो, आणि तो पोरगाही कवितेत उलट बोलतो, आपल्याच भाषेत. १९८७ साली चॅनल ४ वर तिचं चित्ररूप दाखवलं जाणार म्हणताच संसदेपर्यंत आरडाओरडा झाला. कवितेचा घाट मात्र ग्रेनं अठराव्या शतकात लिहिलेल्या प्रसिद्ध स्मशानकवितेचा.

लिंटन क्वेसी जॉन्सन जमैकाहून १९६३ साली, अकरा वर्षांचा असताना, लंडनला आला. तो जमैकन बोलीत लिहितो, उच्चाराप्रमाणे स्पेलिंग करतो, आणि रेगेच्या ठेक्यावर कविता म्हणतो. १९८१च्या जानेवारीत दक्षिण लंडनमध्ये न्यू क्रॉस इथे एका घरगुती पार्टीत आग लागून तेरा कृष्णवर्णीय तरुण मेले आणि सरकारदरबारी कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, तेव्हा त्यानं त्यावर कविता केली. तिथे तिरकस विनोद चालला नसता. ओवेनप्रमाणेच त्यालाही वर्तमानपत्रांतल्या भाषेवर विश्वास नव्हता. तरी त्यानं आवाज वर नेला, कारण ऐकणारे कान बंद होते. म्हणून 'कोणाशी' हा प्रश्न 'कोण' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुस्तकाच्या शीर्षकातल्या 'ब्रिटिश' या शब्दाखाली कोणकोण येतं, हा वादही जुना आहे. पेंग्विननं १९८२ साली समकालीन ब्रिटिश कवितेचं संकलन काढलं आणि त्यात शेमस हीनीला मानाचं स्थान दिलं. हीनीनं पुढच्या वर्षी पद्यातच खुलं पत्र लिहून आपण ब्रिटिश नसल्याचं कळवलं. त्याच्या म्हणण्याचा मान राखून येट्स आणि हीनी यांच्यावर इथे स्वतंत्र लेख नाहीत. स्कॉट्स भाषेत लिहिणारा ह्यू मॅकडर्मिड आणि वेल्सचा पाद्री आर. एस. टॉमस आहेत, इंग्लंडशी दोघांचाही उभा दावा असूनही. शेवटचे लेख अलीकडच्या कवयित्रींवर आहेत. कॅरल अ‍ॅन डफीनं १९९९च्या 'द वर्ल्ड्स वाइफ'मध्ये पुराणांतल्या आणि इतिहासातल्या नामांकित पुरुषांच्या बायकांना बोलतं केलं. दहा वर्षांनी ती राजकवी झाली, या पदावरची पहिली स्त्री. अ‍ॅलिस ऑस्वल्डनं डेव्हनमधल्या डार्ट नदीकाठच्या माणसांशी बोलून, ते ध्वनिमुद्रित करून, २००२ साली 'डार्ट' ही पुस्तकभर लांबीची कविता रचली. कोण बोलतंय हे समासात लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा आवाज एकमेकांत मिसळून नदीचाच होतो. लाहोरला जन्मलेली, ग्लासगोत वाढलेली आणि बरीच वर्षं मुंबईत राहिलेली इम्तियाज धारकर हिला २०१४ साली राणीचं काव्यासाठीचं सुवर्णपदक मिळालं. तिच्या कवितेत 'आपण' म्हणजे कोण, हे प्रत्येक पानावर नव्यानं ठरतं.

पुस्तक वाचण्याबद्दल थोडं. यात कवितांचे अनुवाद दिलेले नाहीत; मूळ कविता शेजारी उघडी ठेवून लेख वाचावा, आणि लेखाआधी कविता मोठ्यानं वाचावी. उच्चारांची भीती बाळगू नये, हॅरिसनची गोष्ट वर सांगितलीच आहे. कवींचे स्वतःचे आवाज ऐकायचे असतील तर 'पोएट्री आर्काइव्ह'वर २००५ पासून ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. एखादा कवी स्वतःची कविता किती सपाट म्हणतो हे ऐकून चकित व्हायला होतं, आणि छापील पानावर आपण त्याच्या तोंडी भलताच सूर घातला होता हेही कळतं. संदर्भासाठी अडू नये. गाव, नदी, सण यांची माहिती लेखात जागच्या जागी दिली आहे.

लेखांचा क्रम कालानुसार लावलेला नाही. पहिला लेख स्टीव्ही स्मिथवर, दुसरा लार्किनवर, मग ओवेन, हार्डी, हॅरिसन, आणि एलियट बऱ्याच उशिरा. एलियटपासून सुरुवात करणारे वाचक पुष्कळदा तिथेच थांबतात, असा वर्गातला अनुभव आहे. बुडालेल्या माणसाचं कण्हणं, गाडीतल्या एकट्या उतारूचं नाक मुरडणं आणि स्मशानातल्या पोराची शिवीगाळ ऐकून झाल्यावर पबमधल्या त्या बाईचं बोलणं एक बाई बोलतेय म्हणूनच ऐकू यायला हवं. टीप त्यानंतर बघावी. पुस्तकाच्या मागे ती आहेच.